एका नेत्रदानाने दोघांना दृष्टी? माझ्याच पोस्टरची उलटतपासणी



एरवी या ब्लॉगवर मी दुसऱ्यांचे शोधनिबंध उघडून त्यात काय आहे आणि काय नाही ते सांगते. आज तपासायला घेतलंय ते माझंच लिखाण. शोधनिबंध नाही, एक पोस्टर. ही तपासणी मी चार वर्षं टाळली, हे आधीच कबूल करते.

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की तिवस्याच्या आधी गुरुकुंज मोझरी लागतं. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास इथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव भरतो. गावोगावची माणसं येतात. चार वर्षांपूर्वी मला पीएचडीला नुकताच प्रवेश मिळाला होता. कॉर्नियाच्या पेशींवर काम करणार म्हणून मी मोठ्या हौसेनं मैत्रिणींसोबत तिथे रस्त्याच्या कडेला नेत्रदानाचं टेबल लावलं. मागे माझं पोस्टर होतं. त्यावर तीन वाक्यं होती:

‘मृत्यूनंतर डोळे जाळू नका. एका नेत्रदानाने दोघांना दृष्टी. अत्याधुनिक, बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेने अंधांना मिळतो नवा डोळा!’

त्या दिवशी माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, टेबलापाशी आले. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, थ्रेशरवरून थेट आले होते. उजवा डोळा लाल होता. म्हणाले, “कुटार गेलं वाटते डोयात.” मी म्हटलं, “पाण्यानं धुवा.” आणि वाटायला म्हणून त्यांच्या हातात पन्नास पत्रकं दिली.

पुढचं सांगेनच. आधी पोस्टरकडे बघू, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून.

‘नवा डोळा’

दिसू शकेल असा नवा डोळा कोणीही कोणाला बसवत नाही. डोळा आणि मेंदू यांना जोडणाऱ्या नसेत दहा लाखांहून जास्त तंतू असतात. ती एकदा कापली की पुन्हा जोडता येत नाही. शस्त्रक्रियेत बदलतात तो फक्त कॉर्निया, शाळेच्या पुस्तकातलं पारपटल. घड्याळावर काच असते तसा हा डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग. रुंदी साधारण ११ ते १२ मिलिमीटर, मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. म्हणून तो पारदर्शक राहतो, आणि म्हणूनच नेहमीच्या कॉर्निया रोपणात रक्तगट जुळवत बसावं लागत नाही.

आपली वर्तमानपत्रं याला बेधडक ‘बुबुळ प्रत्यारोपण’ म्हणतात. बुबुळ म्हणजे या काचेच्या मागचा काळा-तपकिरी पडदा. तो कोणी बदलत नाही. त्यापेक्षा आपल्या म्हाताऱ्या माणसांचा शब्द बरा: ‘डोळ्यात फूल पडलं’. काचेवर पांढरा डाग आला, हे त्यात नेमकं सांगितलेलं आहे. फूल पडलं असेल तर काच बदलून उपयोग होऊ शकतो. काचबिंदूनं नस सुकली असेल किंवा मधुमेहानं मागचा पडदा खराब झाला असेल, तर काच कितीही स्वच्छ बसवा, दिसणार नाही. त्या दिवशी एका मावशींनी काचबिंदूनं दृष्टी गेलेल्या नवऱ्याचं नाव कुठे नोंदवायचं, असं मला विचारलं होतं. दोष त्यांचा नव्हता. पोस्टरवर तसंच लिहिलं होतं.

गंमत बघा, ‘डोळा’ हा शब्द आमच्या भागात आणखी एका अर्थानं रोज वापरला जातो. संत्र्याचं कलम करताना जंबेरीच्या खुंटावर ‘डोळा भरतात’. अख्खं झाड कोणी बसवत नाही. साल चिरायची, सालीच्या तुकड्यासकट एक डोळा आत सरकवायचा, पट्टीनं बांधायचा. किती खोल चिरायचं, काय ठेवायचं आणि काय काढायचं, सगळं कसब त्यातच. कॉर्नियाची शस्त्रक्रिया समजावून सांगायला मला पुस्तकापेक्षा हे उदाहरण जास्त उपयोगी पडलं. फक्त एका जागी ते फसतं. संत्र्याचा डोळा एकदा धरला की त्याचंच झाड होतं. दुसऱ्याचा कॉर्निया मात्र शरीराला परकाच राहतो, आणि शरीर तो केव्हाही नाकारू शकतं. मोठ्या बाबांच्या बाबतीत नेमकं हेच निसटलं.

‘अत्याधुनिक, बिनटाक्याची’

या दोन शब्दांची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ते मी एका जाहिरातीतून उचलले होते.

माणसाच्या कॉर्नियाचं पूर्ण जाडीचं पहिलं यशस्वी रोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी केलं. रुग्ण चुन्यानं दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर होता. कॉर्निया एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याचा होता, जो दुखापतीमुळे काढावाच लागला होता. दोन्ही डोळ्यांवर कलम केलं, एकच टिकलं. पुढे १९३० च्या दशकात ओडेसाच्या व्लादिमिर फिलातोव यांनी मृत व्यक्तीचा कॉर्निया वापरता येतो हे दाखवून दिलं. आजची नेत्रदानाची कल्पना तिथून रुजली. आपल्याकडे पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रासला निघाली. मुंबई राज्यानं कॉर्निया कलमासाठी १९५७ साली कायदाच केला.

विसाव्या शतकात जवळजवळ सगळीकडे पद्धत एकच होती: पूर्ण जाडीचं कलम, डॉक्टरी भाषेत पीके. गोल पात्यानं रुग्णाच्या कॉर्नियाची साडेसात-आठ मिलिमीटरची चकती कापायची, तेवढीच दात्याची बसवायची आणि केसाहून बारीक नायलॉननं शिवायची. सोळाच्या आसपास टाके येतात. ते महिनोन् महिने, कधी वर्षाहून जास्त राहतात. टाक्यांच्या ताणानं काचेचा आकार वाकडा होतो, नंबर चढतो. आणि ती जखम मूळच्या डोळ्याइतकी मजबूत कधीच होत नाही.

मग डॉक्टरांनी विचार केला, की काचेला थर आहेत, तर बिघडलेला तेवढाच थर बदलला तर? पुढचा थर बिघडला असेल तर मागचा, स्वतःचा थर जागेवर ठेवायचा. ही डाल्क पद्धत. अन्वर आणि टाइखमान यांनी २००२ मध्ये थरांमध्ये हवेचा मोठा बुडबुडा भरून ते वेगळे करण्याची युक्ती मांडली, आणि ही शस्त्रक्रिया बरीच आवाक्यात आली. उलट, मागचा थर बिघडला असेल तर पुढचा ठेवायचा. या मागच्या थरात पेशींची एकच रांग असते, एंडोथेलियम. कॉर्नियात झिरपणारं पाणी उपसून बाहेर टाकणारी ही मोटर. या पेशी माणसात पुन्हा जवळजवळ तयार होत नाहीत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा फुक्स नावाच्या आजारात त्या कमी पडल्या की काच सुजते, धुरकट होते. अशा वेळी डीसेक पद्धतीत दात्याचा पातळ मागचा काप बारीक छेदातून आत नेतात आणि हवेच्या बुडबुड्यानं चिकटवतात. रुग्णाला त्यानंतर उताणं पडून राहावं लागतं. नेदरलँड्सच्या गेरिट मेलेस यांनी २००६ मध्ये याच्याही पुढे जाऊन फक्त पडदा आणि पेशी बसवल्या. ते डीमेक. त्या पडद्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. यात नजर लवकर परत येते आणि शरीरानं कलम नाकारण्याचं प्रमाण कमी असतं. पण पडदा सुटला तर पुन्हा हवा भरावी लागते.

आता टीका ऐका. आपल्याकडचे आरोग्यविषयक लेख या पद्धती मोबाइलच्या मॉडेलसारख्या मांडतात: जुनं, नवं, त्याहून नवं. वाचणाऱ्याला वाटतं, शेवटचं ते सगळ्यात चांगलं, आणि आपल्याला टाके घालून दिले म्हणजे आपल्याला मागचंच मॉडेल मिळालं. ही मांडणीच चुकीची आहे. या पद्धती काळाप्रमाणे नाही, बिघडलेल्या थराप्रमाणे लावायला हव्यात. डीमेक कितीही नवं असलं तरी समोर पडलेल्या फुलाला त्याचा उपयोग नाही. आणि जंतुसंसर्गानं सगळ्या जाडीत कॉर्निया सडायला लागला असेल, तर १९०५ चीच पूर्ण जाडीची पद्धत आजही हाताशी घ्यावी लागते.

आमच्या भागात कोणता थर बिघडतो? राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षण (२०१५–१९) सांगतं, की पन्नाशीच्या आतल्या माणसांत अंधत्वाचं पहिलं कारण कॉर्नियावरचा डाग हेच आहे, ३७.५ टक्के. शेतीच्या गावांत हे डाग बऱ्याचदा काडीकचरा लागून झालेल्या जखमेतून येतात. म्हणजे कामाच्या वयातली माणसं, आणि बिनटाक्याची शस्त्रक्रिया ज्यांच्या फारशी उपयोगाची नाही अशी माणसं. माझं पोस्टर मोझरीच्या रस्त्यावर उभं होतं, पण आत लिहिलेला आजार दुसऱ्याच माणसांचा होता.

‘दोघांना दृष्टी’

हे वाक्य सगळीकडे सापडतं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, ते अपुरं आहे. दोन कॉर्निया म्हणजे दोन माणसं, हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी वगैरेसाठी तपासणी होते, पेशी मोजल्या जातात, आणि त्यातून काही कॉर्निया बाद होतात. काही कॉर्निया दृष्टीसाठी वापरलेच जात नाहीत. संसर्गानं डोळा फुटायच्या बेतात असतो तेव्हा तो वाचवण्यासाठी ते बसवतात. दुसरीकडे, हिशोब दोनाच्या वरही जाऊ शकतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये एकाच कॉर्नियाचे भाग तीन रुग्णांना वापरल्याचं प्रसिद्ध केलं: पुढचा थर एकाला, मागचा दुसऱ्याला, कडेच्या मूळपेशी तिसऱ्याला.

पण माझा मुख्य आक्षेप ‘दृष्टी’ या शब्दावर आहे. दृष्टी ‘मिळते’ म्हटलं की गोष्ट तिथे संपते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या कलमांचा एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर ७९.६ टक्के कलमं स्वच्छ होती, पाच वर्षांनंतर ४६.५ टक्के. त्याच अभ्यासात केरॅटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या आजारात, पाच वर्षांचं यश ९५ टक्क्यांच्या आसपास होतं. आकडे जुने आहेत, पूर्ण जाडीच्या पद्धतीच्या काळातले आहेत, हे लक्षात ठेवा. पण त्यातला धडा जुना झालेला नाही. कलम किती टिकेल हे शस्त्रक्रियेइतकंच कोणत्या आजारासाठी केलं आणि नंतर किती जपलं यावर ठरतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीचा अंदाज होता, की ७० गरजूंमागे एकच कॉर्निया उपलब्ध असतो. इतकी दुर्मिळ वस्तू पाच वर्षांत निम्म्या डोळ्यांत धुरकट होत असेल, तर ‘दान करा’ एवढंच सांगणारं पोस्टर अर्धंच काम करतं.

आता मोठे बाबा

त्या दिवशी मी डोळा बघितला नाही. त्यांनी मेडिकलवरून थेंब आणले, लाली लगेच उतरली. ते थेंब स्टेरॉइडचे होते. काडीकचरा लागून बुरशीचा संसर्ग झाला असेल तर स्टेरॉइडनं लाली उतरते आणि आत बुरशी फोफावते. अकराव्या दिवशी डोळ्यात पांढरा ठिपका दिसला. दवाखान्यात नेलं, खरवडून तपासलं, बुरशीच निघाली. नॅटामायसिनचे थेंब दर तासाला घातले, तरी उशीर झाला होता. डोळा वाचवण्यासाठी पूर्ण जाडीचं कलम करावं लागलं. ते दृष्टीसाठी नव्हतंच, पण घरात सगळे माझ्या पोस्टरच्या भाषेत बोलत होते: “नवा डोया बसवला.” काही दिसेना तेव्हा त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

सव्वा वर्षानं दृष्टीसाठी दुसरं कलम झालं. या वेळी काच स्वच्छ राहिली. आठ महिने त्यांना त्या डोळ्यानं दिसलं. बागेतलं फळ पिवळं झालं की नाही, हे लांबूनच सांगायचे. मग ऑक्टोबर आला. थेंब बंद केले होते. मी फोनवर रागावले तर म्हणाले, “नवा डोया हाय ना, मंग रोज औषध कायले टाकाव लागते?” डोळा लाल झाला, उजेड खुपायला लागला. “सोंगणी झाली का जातो मी.” सोंगणी होऊन दवाखान्यात पोचायला तीन आठवडे लागले. शरीरानं कलम नाकारलं होतं. पहिल्या दोन-चार दिवसांत उपचार मिळाले असते तर बऱ्याचदा ते थोपवता येतं.

मी त्यांना नंतर संत्र्याच्या भाषेत सांगितलं, की मोठे बाबा, डोळा भरल्यावर बांधलेल्या कलमाकडे तुम्ही बघणं सोडता का? ते गप्प राहिले, मग म्हणाले, “हे आंधी सांगतलं असतं तं.”

आधी सांगायची जागा माझ्याकडे होती. तीन फूट बाय दोन फूट.

पोस्टरवर काय नव्हतं

राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो. त्यात भाषणं होतात, फेऱ्या निघतात. अमरावतीत हरिना नेत्रदान समितीसारख्या संस्था वर्षभर हे काम करतात, आणि ते लागतंच. पण पंधरवडा संपतो आणि मग आमच्याकडे सोयाबीन काढायला येतं. डोळ्यात कुटार जायचे दिवस तेव्हा सुरू होतात, आणि तेव्हाच मोझरीला गर्दी जमते. त्या गर्दीसमोर उभं राहून मी मृत्यूनंतरच्या डोळ्याबद्दल बोलत होते. समोरच्या जिवंत, लाल डोळ्याबद्दल एक शब्द नाही.

कॉर्निया ओरखडल्यावर लगेच काय करावं, यावर नेपाळच्या भक्तपूरमधला २००१ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ओरखडा ओळखून तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल मलम लावलं. जे १८ तासांच्या आत आले, त्यांच्यापैकी कोणालाही व्रण झाला नाही. हा निकाल ऐकून टाळ्या वाजवायचा मोह होतो. थांबा. नंतर नेपाळमध्येच गावांचे गट पाडून मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ मध्ये आला: अशा कार्यकर्त्यांमुळे व्रणांचं प्रमाण ठळकपणे घटल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणजे मलम निरुपयोगी, असा अर्थ नाही. ओरखडा झालेला माणूस वेळेत कार्यकर्त्यापर्यंत पोचणं, हाच अवघड भाग असावा, असं मला ते वाचून वाटतं. कारण मोठे बाबा माझ्यापर्यंत पहिल्याच दिवशी पोचले होते. पोचूनही काही झालं नाही.

माझ्या स्वतःच्या संशोधनाबद्दलही एक शब्द. एंडोथेलियमच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून इंजेक्शननं डोळ्यात सोडायची पद्धत जपानमधल्या क्योतोच्या गटानं ११ रुग्णांवर वापरून २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. एका दात्याच्या पेशी कितीतरी जणांना पुरू शकतील. मी याच विषयावर रात्री जागते आणि मला त्याचं अप्रूप आहे. पण त्या इंजेक्शनलाही समोरची काच स्वच्छ लागते. फूल पडलेल्या डोळ्याला ते उत्तर नाही. पुढच्या वेळी कुठे ‘आता नेत्रदानाची गरज संपणार’ अशी बातमी वाचलीत, तर आधी विचारा: कोणत्या थराची गरज?

नवं पोस्टर

यंदा मोझरीला पुन्हा टेबल लावतोय. पोस्टर असं आहे:

१. डोळ्यात कुटार, कुसळ, चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा. चुना असेल तर धुत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

२. लाली, दुखणं, पाणी येणं थांबत नसेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलवरून मनानं थेंब आणू नका. सोंगणी थांबेल, डोळा थांबणार नाही.

३. कॉर्नियाचं कलम झालेल्यांनी: लाली, उजेड न सोसणं, कमी दिसणं, दुखणं. चारपैकी एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर. थेंब सांगितल्याशिवाय बंद करू नका.

४. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत होतं. नेत्रपेढीला फोन करा, पापण्या मिटवा, त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी ठेवा. चष्मा असलेल्यांचे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही डोळे चालतात.

५. दिलेला कॉर्निया काचेवर डाग असलेल्यांच्या किंवा काच सुजलेल्यांच्या कामी येतो. काचबिंदूसाठी नाही.

घोषणा म्हणून यात काही दम नाही, मान्य आहे. माझी मैत्रीण म्हणाली, ‘हे पोस्टर नाही, सूचनाफलक आहे.’ असू दे.

कच्चा मसुदा मोठ्या बाबांना दाखवला. त्यांनी तो डाव्या डोळ्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं, मान हलवली. मग कागद परत देत म्हणाले, “सारं बराबर हाय. पण अक्षरं मोठे काढ बाई. एका डोयानं वाचा लागते.”

अक्षरं मोठी केली. चौथ्या कलमातलं उशीचं वाक्य त्यात बसलं नाही, ते टेबलावर तोंडी सांगू.